ओढ्यावरचं पिंप

बघू तो मोबाईल. हं. घर चांगलं आहे, नाही कशाला म्हणू? पुढे अंगण, मागे झाडी, खिडक्यांना पांढरे पडदे. आणि खाली काय लिहिलंय? ‘शहरापासून फक्त एका तासावर. या आणि शांतता ऐका.’ वा! म्हणजे आता शांतताही भाड्याने मिळायला लागली. उद्या अंधार विकतील, आणि तुम्ही तोही चवीने घ्याल.

जा की तुम्ही दोघं. काकाला विचारून कोण कुठे जातं हल्ली? पण ते बटण दाबायच्या आधी जरा बसा. सूनबाई, तूही बस. आणि तो गच्चीतला दिवा नको लावूस, किडे येतात.

आमच्या छापखान्यात एक फिटर होता. सगळे त्याला फिटरच म्हणायचे. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, रागावली की तीही ‘अहो फिटरसाहेब’ म्हणायची. काडीसारखा माणूस. जोराचा वारा सुटला तर दाराला धरून उभा राहील असा. मी सांगतोय ते माझ्यासमोर घडलेलं नाही, त्याच्यासोबत घडलं. त्याने मला एकट्याला सांगितलं. आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. छापखान्यात थापा मारायला मी होतो.

यंत्राच्या बाबतीत मात्र त्याच्यासारखा दुसरा नाही. हॉलच्या दारात उभा राहून सांगायचा, तिसऱ्या मशीनचं बेअरिंग बोलायला लागलंय. बाकीच्यांना नुसता खडखडाट ऐकू यायचा. कुठे काही कुरकुरलं, आपटलं, घासलं की याच्या घशाखाली घास उतरत नसे. दुसऱ्यांच्या घरी गेला तरी दाराच्या बिजागरीत तेल घालून यायचा. आवाज म्हणजे बिघाड. आयुष्यभर हेच शिकला होता तो.

आणि त्याच्याच घरात बिघाड झाला. वहिनीची झोप गेली.

त्यांचं घर बस स्टँडसमोर, दुसऱ्या मजल्यावर. लग्न झाल्यापासून तिथेच. इतकी वर्षं हॉर्नच्या गजरात गाढ झोपणारी बाई, एका वर्षी अचानक रात्रभर जागी राहायला लागली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गोळीने सकाळी डोकं जड व्हायचं, रात्री डोळा लागायचा नाही. ती शाळेचे गणवेश शिवायची घरी. एकदा मशीनवर डुलकी लागली आणि सुई बोटातून आरपार गेली. फिटर घरी आला तर ही बोट तसंच सुईखाली ठेवून बसलेली. म्हणाली, चाक उलटं फिरवायचं भानच राहिलं नाही. त्या रात्री तो स्वयंपाकघरात जाऊन रडला. मला म्हणाला, “अरे, शहरातली निम्मी यंत्रं मी दुरुस्त केली, आणि हिला एक रात्र झोप देता येत नाही मला.” बायकोवर फार जीव होता त्याचा. अजून आहे.

तर कुणीतरी त्याला अशीच जाहिरात दाखवली. खेड्यातलं शांत घर. शुक्रवारी दुपारी तो छापखान्याची जुनी व्हॅन मागायला माझ्याकडे आला, कारण चावी माझ्याकडे असायची. नोव्हेंबर महिना, दुसरा शुक्रवार. दोन रात्री राहून रविवारी परत आणतो म्हणाला. मी म्हटलं, मजा कर. तो म्हणाला, मजा नको, झोप हवी.

गाव ओढ्याच्या काठी. पंधरा-वीस घरं, एक दुकान, एक बंद पडलेली शाळा. भाड्याचं घर गावाच्या टोकाला, ओढ्याकडच्या बाजूला. मालक तरुण पोरगा. कपाळावर काळा चष्मा चढवलेला, हसतमुख. चावी दिली, गिझर दाखवला, गाद्या नव्या आहेत म्हणाला. फिटरने विचारलं, तुम्ही इथे कुठे राहता? पोरगा म्हणाला, नाही, मी शहरातच, झोपायला रोज तिकडेच जातो. आणि ऊन उतरायच्या आत मोटरसायकलला किक मारून गेलासुद्धा. जाता जाता सहज बोलावं तसं म्हणाला, रात्री ओढ्यावरून ठण् ठण् असा आवाज येईल, रानडुकरं शेतात शिरू नयेत म्हणून बसवलंय, सवय होते.

आपल्या घरात जो झोपत नाही, त्याच्याकडून घर भाड्याने घेऊ नये. एवढं तरी लक्षात ठेवा.

संध्याकाळी दोघं गावातून चक्कर मारून आले. फिटर म्हणतो, असं गाव मी पाहिलं नाही. कुणी ओळख देईना. हा हसून काही बोलायला जावा, तर समोरचा माणूस याच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहायचा. एक बाई कपडे काढत होती दोरीवरचे, यांना बघितल्यावर अर्धे कपडे तसेच ठेवून आत गेली आणि कडी लावली. गावात कुत्रं एक नाही. कोंबडं नाही. वहिनीला मात्र त्याचं काही वाटलं नाही. अंगणात खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, “कान धुतल्यासारखे वाटतायत हो.” फिटर खूश. त्याला वाटलं, झालं काम.

अंधार पडला आणि ते सुरू झालं.

ठण्.

मग काही नाही. इतका वेळ काही नाही की वाटावं, संपलं. आणि मग पुन्हा. ठण्.

सूनबाई, तुला वाटेल, एवढ्याने काय होतं? नळ ठिबकत असताना झोपून बघ कधी. त्रास त्या थेंबाचा नसतो, पुढच्या थेंबाची वाट बघण्याचा असतो. वहिनी रात्रभर वाट बघत पडून राहिली. सकाळी अंगणात उभ्या उभ्या रडायला लागली. म्हणाली, “परत जाऊ या आपण. तिथला गोंगाट परवडला. तो सगळा एकत्र असतो. हा एकेकटा येतो.”

फिटरने तिला कसंबसं समजावलं. आजची एक रात्र बघू, मी काहीतरी करतो. हा ‘मी काहीतरी करतो’ म्हणाला की छापखान्यात आम्ही निश्चिंत व्हायचो.

तो ओढ्यावर गेला. पाहिलं तर काम अगदी साधं. दोन खांबांमध्ये एक लाकडी पन्हळ आडव्या सळईवर तोललेलं. एका तोंडात पाणी पडतं, भरलं की ते तोंड खाली जातं, पाणी सांडतं, आणि दुसरं टोक मागे येऊन लोखंडी पिंपावर आपटतं. फिटर बराच वेळ कौतुकाने बघत राहिला. सळईला ताजं ग्रीस होतं. लाकूड नवं होतं, खांब मात्र जुने, फार जुने, ओढ्यातल्या दगडांसारखे गुळगुळीत झालेले. आणि शेजारी, झाडाखाली, दुसरं पन्हळ तयार करून ठेवलेलं. दुसरं पिंपही. त्यालाही ग्रीस केलेलं.

इथे मी त्याला थांबवलं. म्हटलं, फिटर, हे बघितल्यावर तुला कळलं नाही? आपल्या छापखान्यात आपण कशाचा दुसरा नग शेजारी तयार ठेवायचो? जे यंत्र बंद पडून चालणारच नाही, त्याचाच ना? डुकरं हाकलायला कोण दोन-दोन ठेवतं? तो खाली बघत म्हणाला, कळलं होतं. पण बायको रडत होती.

दुपारी तो दुकानात गेला. दुकानात एक म्हातारी बाई बसायची. त्याने मेणबत्त्या घेतल्या, काडेपेटी घेतली, आणि मग अगदी नरमाईने विचारलं की आज एक रात्र ते ओढ्यावरचं बंद ठेवता येईल का. बायको आजारी आहे, झोप नाही तिला. पाहिजे तर डुकरांवर मी बसतो राखणीला, म्हणाला.

बाईने सुटे परत दिले ते हातात नाही, फळीवर ठेवले.

“शांत पाहिजे म्हणून येता सगळे,” ती म्हणाली. “शांत काय असतं ते बघितलंय का कधी?”

फिटरने फळीवरचे सुटे गोळा केले.

“घरी जा. आजच जा. आणि ओढ्याकडे पाय ठेवू नका.”

तो दुकानाबाहेर आला तर समोरच्या ओट्यावर तीन-चार पुरुष बसले होते. ते याच्याकडे बघत राहिले. तो भाड्याच्या घरापर्यंत पोचेस्तोवर बघत राहिले. फिटरला राग आला. स्वाभाविक आहे. आजारी बाईसाठी एक रात्र मागितली, तर ही वागणूक. कसली माणसं ही, दगड आहेत नुसती. त्याने ठरवून टाकलं.

शनिवारची रात्र. चंद्र नव्हता, थंडी पडली होती. दहा वाजता दोघं आडवी झाली. अकरा वाजले. वहिनीचे डोळे उघडे. ठण् झालं की तिचं अंग बारीकसं दचकायचं, फिटरला गादीतून कळायचं. तो उठला. मी आलोच, म्हणाला. तिने विचारलं नाही कुठे. त्याने दाराबाहेरचं काथ्याचं पायपुसणं घेतलं, पिशवीतली तार घेतली, टॉर्च घेतली, दार ओढून घेतलं आणि निघाला.

आता ऐका, कारण इथेच त्याने चूक केली, आणि ती फिटरच करू शकतो. दुसरा कुणी असता तर पन्हळ काढून टाकलं असतं, लाकूड अडकवलं असतं. तेव्हा कदाचित कुणाला तरी लगेच दिसलं असतं. याने यंत्र बंद केलं नाही. चालतं यंत्र बंद करायचं त्याच्या हातून होतच नाही. त्याने पायपुसण्याच्या तीन घड्या केल्या आणि पिंपाच्या तोंडावर तारेने बांधल्या. घट्ट, नीट, चारी बाजूंनी. पन्हळ भरणार, झुकणार, परत येणार. काम सगळं चालू. फक्त आवाज काढला. म्हणजे त्याच्या हिशेबी बिघाड काढला.

त्या बिचाऱ्याला काय माहीत, की इथे आवाज हेच काम होतं.

पन्हळ भरलं. झुकलं. परत आलं. काथ्यावर टेकलं... काही नाही. हातावर हात ठेवावा तेवढंसुद्धा नाही.

तो तिथेच उभा राहिला, समाधानाने. काम चांगलं झालं की दोन मिनिटं बघत राहायची त्याची सवय. पन्हळ आणखी एकदा आलं. आणखी एकदा.

मग त्याच्या लक्षात आलं की रातकिडे बंद झालेत.

बेडूक बंद झालेत.

ओढ्याचं पाणी समोर वाहत होतं. टॉर्चच्या उजेडात दिसत होतं. दगडावरून पडत होतं... ऐकू येत नव्हतं.

तो म्हणाला, मला वाटलं, माझेच कान गेले. मी खाकरलो. ते ऐकू आलं. पण फार लांबून. दुसऱ्या कुणी तरी खाकरल्यासारखं.

गावात एक दिवा लागला. मग शेजारच्या घरात दुसरा. मग तिसरा. कुणी हाक मारली नाही. कुणी दार वाजवलं नाही. दिवे लागत गेले, एकामागून एक. पिठाची गिरणी बंद पडली की गिरणीवाला झोपेतून उठतो ना, तसं अख्खं गाव उठत होतं.

फिटर घराकडे वळला. आधी चालत. मग पळत.

पायाखाली खडी होती. तो पळत होता. खडी वाजत नव्हती.

दार त्याने ओढून घेतलं होतं तसंच होतं. आत अंधार. त्याने टॉर्चवर तळवा धरला, नुसता लाल उजेड राहील असा, कारण वहिनी जागी असली तर डोळ्यांवर नको. आणि खोलीच्या दारात उभा राहिला.

वहिनी झोपली होती.

गाढ. तोंड थोडं उघडं. कपाळावरची आठी गेलेली. किती महिन्यांनी त्याने तिचा तो चेहरा पाहिला. तो मला सांगतो, माझे डोळे भरून आले रे. वाटलं, जिंकलो.

मग त्याला तिचा हात दिसला.

ती कुशीवर झोपली होती, त्याच्या बाजूला तोंड करून. हात त्याच्या जागेवर टाकलेला. नव्या लग्नात टाकायची तसा. पण हात गादीवर टेकलेला नव्हता. वर होता. कुणाच्या तरी अंगावरून टाकावा, तितका वर. खाली काही नाही. नुसती हवा.

आणि तो हात हलत होता. वर... खाली. वर... खाली. सावकाश.

त्याने वहिनीचा श्वास बघितला. तो वेगळा होता. तिचा श्वास भरभर. हाताखालचा श्वास... संथ.

त्याच्या बाजूची उशी दबलेली होती. गादी खाली गेलेली होती. खोलवर.

काय म्हणालास? हाक का नाही मारली? मीही हेच विचारलं.  तो म्हणाला, “भीती नंतर वाटली. आधी मनात आलं, हाक मारली तर हिची झोप मोडेल.”

बघा. समोर ते, आणि या माणसाच्या मनात काय, तर हिची झोप मोडेल. दारात उभा राहिला तो. टॉर्च हातात. हाक मारू... नको. मारू... नको.

तेवढ्यात वहिनी झोपेत बोलली. गोड, जड आवाजात.

“झोपा ना आता. किती शांत आहे.”

फिटरने तोंड उघडलं...

आणि उशीवरून उत्तर आलं.

“हं.”

एवढंच.

आवाज फिटरचा होता.

...

थांबा जरा. पाणी द्या मला.

हं. तर मग बाहेर पहिला दणका बसला. पत्र्यावर. मग दुसरा. मग सगळीकडून. परातीवर, डब्यावर, लोखंडी दांड्यावर, जे हाताला लागेल त्यावर. गाव बाहेर पडलं होतं. आत वहिनीचा हात थपकन गादीवर पडला. रिकाम्या गादीवर. उशी मात्र दबलेलीच राहिली.

फिटर बाहेर धावला. घराभोवती माणसं उभी होती. बाया, पुरुष, सगळी. बडवत होती, एका ठेक्यात, न बोलता. कुणाच्या चेहऱ्यावर घाई नाही, दया नाही. आपल्या शेताला कुणी तरी आग लावावी आणि ती विझवायला आपण पळावं, तेव्हा आग लावणाऱ्याकडे जसं बघू, तसं त्याच्याकडे बघत होती. दुकानातली म्हातारी ओढ्याकडून आली. हातात ते पायपुसणं, तारेसकट. तिने ते त्याच्या पायावर फेकलं.

“किती वेळ होतं हे बांधलेलं?”

त्याने वाकून पायपुसणं उचललं.

“घरात कोण झोपलंय?”

“बायको.”

म्हातारी एक पाऊल मागे गेली. तिच्यामागची माणसंही मागे गेली. बडवणं थांबलं नाही, पण सगळेच मागे सरकले, गटारातून वर आलेल्या माणसाला जागा द्यावी तसे.

“मग घेऊन जा तिला,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता. उजाडायची वाट बघायची नाही.”

“ती झोपली आहे हो,” फिटर म्हणाला.

“झोपणारच.”

त्याने हात जोडले. म्हणाला, काय आहे ते, निदान सांगा तरी.  एका माणसाने व्हॅनचं दार उघडून धरलं, तेही बाहीत हात लपवून. फिटरने वहिनीला उचललं. ती जागी झाली नाही. एका ठोक्याने रात्रभर तळमळणारी बाई, अख्खं गाव कानाशी पत्रे बडवत होतं आणि ती झोपली होती. गालावर उशीची घडी उमटलेली. व्हॅन निघाली तशी गावकरी दोन्ही बाजूंनी बडवत चालू लागले. गावाची हद्द संपेपर्यंत आले, आणि तिथून पाठ फिरवून गेले. ओढ्यावरचं ठण् त्याला पुन्हा ऐकू आलं, तेव्हा हा मोठ्या रस्त्याला लागला होता.

रविवारी चावी द्यायला आला तेव्हा मी विचारलं, कशी झाली सहल? तो म्हणाला, झोप लागली तिला. आणि निघून गेला. मला वाटलं, चला, बरं झालं. सोमवारी मी सगळ्या छापखान्याला त्या जागेचं कौतुक सांगितलं. एकाने जाऊन यायचं ठरवलं, तर फिटर त्याच्या अंगावर असा धावून गेला की दोघांना सोडवावं लागलं. त्या माणसाने आयुष्यात कुणाला चापट मारली नव्हती. तेव्हा मी त्याला बाहेर घेऊन गेलो आणि त्याने हे सगळं सांगितलं.

वहिनी? उत्तम आहे. तुम्ही भेटाल तर म्हणाल, या बाईला काय झालं होतं? अंग भरलंय, चेहऱ्यावर तजेला. दहाला आडवी होते ती सकाळी सहाला उठते. समोर बस स्टँड तोच, हॉर्न तेच. गणवेश पुन्हा शिवायला घेतलेत. एकदा माझ्यासमोरच म्हणाली, भाऊजी, त्या गावाने मला झोप परत दिली बघा, पण ह्यांना तिकडे पुन्हा चला म्हटलं की ह्यांचं तोंड उतरतं.

त्या रात्रीबद्दल तिला काही माहीत नाही. त्याने सांगितलेलं नाही. मला म्हणाला, काय सांगू? सांगितलं तर तिची झोप पुन्हा जाईल.

तो स्वतः बाहेरच्या खोलीत झोपतो. त्या गावाहून आल्यापासून. लोखंडी खाट, तीही दाराशी लावलेली. बायकोला सांगितलं की मी घोरतो, तुला त्रास नको. ती म्हणते, घोरता कसले, एवढे शांत झोपता.  आणि आत आपल्या जागेवर जाऊन झोपायची हिंमत त्याला होत नाही. दारातून बघायचीसुद्धा नाही. म्हणजे विचार करा, बायकोला झोप मिळावी म्हणून स्वतःची अर्धी गादी देऊन बसलाय माणूस. कुणाला दिली, तेही माहीत नाही.

मला हे खोटं वाटलं असतं. माणसाच्या मनाचे खेळ म्हणून मी सोडून दिलं असतं. पण गेल्या वर्षी मी त्याच्या घरी गेलो होतो, तेव्हा गच्चीवर कापूस पिंजणारा आला होता. वहिनीने आतली मोठी गादी पिंजायला काढली होती. मी आणि फिटर चहा घेऊन वर गेलो. त्या माणसाने खोळ उसवली होती आणि कापूस हाताने चाचपत होता. आम्हाला बघून बोलला, “साहेब, दोघांची गादी आहे ना? एक बाजू ठीक आहे. ही दुसरी बाजू पार दगड झालीय. कोण झोपतं इथे? भारी माणूस दिसतो.”

मी फिटरकडे बघितलं. खांद्याची हाडं शर्टातून वर आलेली. तो म्हणाला, मीच झोपतो. पिंजाऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसला. फिटर म्हणाला, जास्त कापूस भर, सारखी कर. त्याने केली. दोन्ही बाजू एकसारख्या, वर हात फिरवला तरी कळू नये अशी. नवी खोळ घालून, टाके घालून दिली.

या महिन्यात तो पिंजारा पुन्हा आला होता. मीही गेलो होतो, मुद्दाम. त्याने गादी उन्हात पसरली, गुडघ्यावर बसला, आणि हात फिरवत फिरवत मधेच थांबला.

फिटरची बाजू मऊ होती. नवी असल्यासारखी, कापूस हलकासुद्धा दबलेला नव्हता.

तोच भारी माणसाचा खड्डा आता वहिनीच्या बाजूला होता.